तयार की जुळवलेला : एका खरेदीची पूर्वपीठिका

दहावी-बारावीची परीक्षा पार पडली, चिरंजीवांनी वर्षभर मागितलेला खेळांचा संगणक घेण्याचे घरात तत्त्वतः मान्य झाले, आणि आता तो नामांकित कंपनीचा बंद खोक्यातला तयार घ्यावा की एकेक भाग निवडून जुळवून घ्यावा एवढाच प्रश्न शिल्लक राहिला, असे ज्या कुटुंबास वाटते त्यास बहुधा याची कल्पना नसते की, हा प्रश्न आता पन्नास वर्षांचा झाला आहे आणि या पन्नास वर्षांत त्याचा निकाल ग्राहकाच्या हौसेने किंवा हुशारीने क्वचितच लागलेला आहे. कधी तो सरकारी आयात शुल्काने लावला, कधी फ्लोरिडातील एका कचेरीत घाईने झालेल्या ठरावाने, कधी तैवानच्या कारखानदारांनी, तर कधी जगभर पडलेल्या टंचाईने. ग्राहक दुकानाची पायरी चढतो त्या वेळी निर्णयाचा मोठा हिस्सा होऊन गेलेला असतो. उरलेल्या लहानशा हिश्शावर घरात आठ-पंधरा दिवस चर्चा चालते, आणि ती मोठ्या गांभीर्याने चालते, हेही खरे.

१९७५ सालच्या जानेवारीत अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘आल्टेअर ८८००’ नावाच्या यंत्राचे चित्र छापून आले. चित्रातील पेटी आतून रिकामी होती, कारण मासिकाकडे पाठवलेले मूळ यंत्र वाटेतच गहाळ झाले होते. परंतु वाचकांना त्याचा पत्ता नव्हता आणि असता तरी त्यांनी मागणी नोंदवण्यात कसूर केली नसती. न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की शहरी एड रॉबर्ट्स नावाच्या गृहस्थांची ‘मिट्स’ ही कंपनी गणकयंत्रांचे सुटे संच विकत असे. मोठ्या कंपन्यांनी तयार गणकयंत्रांचे भाव पाडल्यामुळे हा धंदा बुडीत निघाला होता, आणि कर्जातून मान सोडवण्यासाठी रॉबर्ट्स यांनी संपूर्ण संगणकाचाच संच ३९७ डॉलरला देऊ केला. त्यातील इंटेलची ८०८० ही चिप एकेकटी घ्यावयास गेल्यास ३६० डॉलर पडत होते. रॉबर्ट्स यांनी घाऊक सौद्यात ती ७५ डॉलरला मिळवली होती. म्हणजे ज्याने संच घेतला त्याने स्वतः एकेक जिन्नस गोळा करणाऱ्यापेक्षा स्वस्तात यंत्र मिळवले. जुळणी स्वस्त पडते हा समज तेव्हापासूनचा असावा. परंतु ही स्वस्ताई ग्राहकाच्या श्रमातून आली नव्हती, ती आली होती घाऊक खरेदीतून, आणि घाऊक खरेदीचा हा अधिकार पुढे ज्याच्या हाती गेला त्याच्या बाजूने या प्रश्नाचा काटा झुकत राहिला. यंत्रास कळफलक नव्हता, पडदा नव्हता, स्मृती २५६ बाइटची. दर्शनी भागावरील खटके वरखाली करून आकडे भरावयाचे आणि दिव्यांची उघडझाप पाहून उत्तर ताडावयाचे. इतक्यासाठी लोकांनी रात्री जागून झाळकाम केले.

त्याच वर्षीच्या ५ मार्चला कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये ज्या हौशी मंडळींची पहिली बैठक भरली, त्या ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’चे गुणगान आजवर इतके झाले आहे की त्यात भर घालण्याचे प्रयोजन नाही. त्या मंडळातील स्टीव्ह वॉझनियॅक यांनी तयार केलेल्या ‘अ‍ॅपल वन’च्या विक्रीचा एक प्रसंग मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. १९७६ साली स्टीव्ह जॉब्ज हे माउंटन व्ह्यू येथील ‘बाइट शॉप’चे मालक पॉल टेरेल यांच्याकडे गेले ते मोकळ्या पट्ट्या विकण्याच्या विचाराने, म्हणजे भाग ज्याने त्याने आणावे आणि ज्याने त्याने जोडावे या बोलीने. टेरेल यांनी ५० यंत्रे प्रत्येकी ५०० डॉलरप्रमाणे घेण्याचे मान्य केले, पण एका अटीवर : पट्टीवरील सर्व भाग जोडून, तपासून मिळाले पाहिजेत. दुकानदाराने घातलेली ही अट मला त्या काळच्या पुष्कळशा शोधांहून अधिक दूरगामी वाटते, कारण सुटे संच घेऊन गेलेली गिऱ्हाइके चार दिवसांनी ते न चालणारे संच घेऊन परत येतात आणि त्यांची समजूत काढण्याचे काम आपल्याकडे येते, हे त्या व्यापाऱ्याने ओळखले होते. तरीही ६६६ डॉलर ६६ सेंट मोजून जे यंत्र लोकांनी घरी नेले त्यास पेटी, कळफलक, वीजपुरवठा आणि पडदा यांपैकी काही नव्हते. ते अर्धे विकत घेतलेले आणि अर्धे जुळवावयाचे होते. आणि आजचा तथाकथित जुळवलेला संगणक नेमका असाच अर्धामुर्धा असतो, कारण आज कोणी चिप जोडीत नाही, तयार पट्ट्या खाचेत बसवतो.

१९७७ साली ‘अ‍ॅपल टू’, कमोडोर कंपनीचे ‘पेट’ आणि टँडी कंपनीचे ‘टीआरएस-८०’ ही तीन तयार यंत्रे बाजारात आली आणि जुळणीचा प्रकार आता हौशी लोकांच्या मंडळापुरता उरेल असे दिसू लागले. तसे झालेही असते. परंतु आयबीएम या बलाढ्य कंपनीस वैयक्तिक संगणकाच्या बाजारात उशिरा जाग आली, आणि फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालील लहानशा पथकास वर्षभरात यंत्र उभे करण्याचा हुकूम झाला. इतक्या अल्प मुदतीत सर्व घटक आपल्या कारखान्यात घडवणे शक्य नसल्याने, जी कंपनी स्क्रूपासून सगळे स्वतः बनवण्याबद्दल प्रसिद्ध होती तिने प्रक्रियक इंटेलकडून, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून आणि फ्लॉपीचे चालक टंडन कॉर्पोरेशनकडून घेतले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी विक्रीस आलेला ‘आयबीएम पीसी’ हा, सांगावयाचे झाले तर, एका मोठ्या कंपनीने जुळवलेला संगणकच होता. शिवाय त्याच्या रचनेचे तपशील, मंडलांचे आराखडे आणि आरंभीच्या आज्ञावलीची संपूर्ण यादी कंपनीने पुस्तकरूपाने छापून विकली. आज्ञावलीवर स्वामित्वहक्क असल्याने ती जशीच्या तशी उचलणे बेकायदा होते. पण मूळ मजकूर कधीही न पाहिलेल्या लोकांकडून तेच काम करणारी नवी आज्ञावली लिहवून घेण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी तसे केले, आणि १९८४ साली ‘फीनिक्स’ने अशी आज्ञावली कोणासही परवान्याने देण्यास आरंभ केल्यावर तैवानातील लहानमोठ्या कारखान्यांना मदरबोर्ड घडवण्याची वाट मोकळी झाली. गॅरेजमधील तरुणांना जुळणीच्या संगणकाचे जनकत्व देण्याची आपली रीत आहे. माझ्या मते ते जनकत्व, अनिच्छेने का होईना, घाईत सापडलेल्या त्या भल्यामोठ्या कंपनीकडे जाते.

टंडन हे नाव येथे आलेच आहे, तर त्याची मुंबईकरांशी निगडित असलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुगी टंडन या भारतीय वंशाच्या उद्योजकाच्या या कंपनीचे काम पुढे अंधेरीच्या सिप्झमध्येही चालू लागले. निर्यातीसाठी राखलेल्या त्या आवारात, सरकारच्या दृष्टीने देशाबाहेर असल्यासारख्या त्या जागेत, मुंबईच्या कामगारांच्या हातून बनणारा माल समुद्रापार जात होता, आणि तेथून लोकलने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावरील ग्रँट रोडच्या दुकानदारास तशाच जातीचा जिन्नस परदेशातून, सीमाशुल्काचा डोंगर ओलांडून, किंवा त्यास वळसा घालून आणावा लागत होता.

या वळशाचीही पूर्वपीठिका आहे. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने विदेशी भागभांडवलावर ४० टक्क्यांची मर्यादा घातली, ती अमान्य करून आयबीएमने १९७८ साली हिंदुस्थानातील आपला कारभार आवरला, आणि संगणकाची आयात हा परवाने, शिफारसी व दिल्लीतील इलेक्ट्रॉनिक्स खात्याच्या फायली यांचा विषय होऊन बसला. एचसीएल, विप्रो, मुंबईची झेनिथ अशा देशी कंपन्या या आडोशाला उभ्या राहिल्या. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून घटकांची आयात सुकर केली, तेव्हा या कंपन्यांचे वैयक्तिक संगणक झपाट्याने बाजारात आले. पण त्यांच्या पेट्यांचे झाकण उघडून पाहणाऱ्यास आत तैवानच्या आणि सिंगापूरच्याच पट्ट्या दिसत. तयार आणि जुळवलेला यांतील भेद आपल्याकडे आरंभापासूनच फसवा होता : दोन्ही यंत्रे जुळवलेलीच, एक कारखान्यात, बोधचिन्ह लावून, अबकारी भरून, दुसरे पोटमाळ्यावर, बोधचिन्हाविना आणि पुष्कळदा पावतीविनाही.

ते पोटमाळे जेथे होते त्या रस्त्याकडे आता वळावयास हवे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव ज्या रस्त्यास मिळाले, तो आता सरकारदप्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणून नोंदलेला आहे. परंतु टॅक्सीवाल्यापासून आयकर अधिकाऱ्यापर्यंत सर्वजण त्यास लॅमिंग्टन रोडच म्हणतात. हा मूळचा चित्रपटगृहांचा रस्ता. मिनर्व्हा, नाझ, अप्सरा, स्वस्तिक, इम्पीरियल ही नावे जुन्या मुंबईकराच्या जिभेवर अद्याप आहेत, आणि ‘शोले’ मिनर्व्हात पाच वर्षे ठाण मांडून होता हे तर त्या वेळी जन्मास न आलेल्यांनाही ठाऊक आहे. चित्रपटगृहांच्या जोडीने येथे रेडिओच्या सुट्या भागांची दुकाने होती. तयार घ्यावा की जुळवून घ्यावा हा प्रश्न या रस्त्यावर प्रथम विचारला गेला तो संगणकाविषयी नव्हे, तो रेडिओविषयी. मर्फी, फिलिप्स किंवा बुशचा रेडिओ ज्यास परवडत नसे तो येथून व्हॉल्व्ह, कॉइल, कंडेन्सर आणि ट्रान्सफॉर्मर घेई, लाकडी पेटी सुताराकडून करवून घेई आणि एखाद्या माहीतगाराकडून यंत्र उभे करून घेई. रेडिओ ठेवण्यास टपाल खात्याचा परवाना लागे आणि तो जुळवलेल्या रेडिओलाही लागू असे. किती जणांनी तो इमानाने काढला हा प्रश्न निराळा. मग ट्रान्झिस्टर आला, ध्वनिवर्धक आले, टेपरेकॉर्डर आले, आणि प्रत्येक वेळी त्याच दुकानांनी, पुष्कळदा त्याच फळ्यांवर, जुना माल मागे सारून नवा मांडला. रेडिओच्या काळात आरंभ झालेल्या जेटकिंगसारख्या संस्था पुढे हार्डवेअरचे वर्ग चालवू लागल्या, यातही हाच क्रम दिसतो. संगणक या रस्त्यावर येऊन नवा धंदा निर्माण झाला असे म्हणण्यापेक्षा, असलेल्या धंद्यास नवा जिन्नस मिळाला असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

१९९१ च्या अर्थसंकल्पाने सीमाशुल्काची कमाल मर्यादा १५० टक्क्यांवर आणली आणि १९९५ पर्यंत ती ५० टक्क्यांपर्यंत उतरली. १५० टक्के ही सवलत मानली गेली, यावरून आधीची स्थिती काय असेल याचा वाचकाने तर्क करावा. अशा शुल्काच्या छायेत हाँगकाँग, सिंगापूर आणि तैपेईहून प्रवाशांच्या सामानातून स्मृतीच्या पट्ट्या आणि प्रक्रियक येत. वजनाने हलका, किमतीने जड आणि खिशात मावणारा असा दुसरा माल सोन्याखेरीज मिळणे कठीण. ‘बिल पाहिजे की बिलाशिवाय?’ हा प्रश्न गल्ल्यावर बसलेला गृहस्थ भाव सांगण्यापूर्वी, किंचितही न संकोचता, विचारीत असे. तयार संगणकाच्या किमतीत अबकारी, विक्रीकर, मुंबईची जकात, जाहिरातीचा खर्च आणि वितरकाचे कमिशन हे सर्व सामावलेले; जुळवलेल्यात यांपैकी जे टाळता येईल ते टाळलेले. ग्राहकास दिसणारी बचत पुष्कळ अंशी सरकारच्या तिजोरीतून आलेली होती, ही गोष्ट जुळणीच्या गौरवगाथांमध्ये सहसा आढळत नाही.

परंतु सगळीच बचत काही कर चुकवण्याची नव्हती, आणि त्या पोटमाळ्यांवरील कसबाचाही यथोचित उल्लेख झाला पाहिजे. गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन येई. दुकानदार आपल्या दुकानातला मदरबोर्ड काढी, स्मृतीसाठी समोरच्या इमारतीत पोऱ्या धाडी, हार्ड डिस्क तिसऱ्याकडून मागवी, कॅबिनेट प्रॉक्टर रोडच्या गल्लीतून येई, आणि तासा-दोन तासांत फर्शीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर यंत्र उभे राही. त्या काळच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतून मदरबोर्डकडे जाणाऱ्या तारांचे दोन जोड असत. ते अगदी सारखे दिसत आणि उलटसुलट बसतही, परंतु दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींस लागून आल्या नाहीत तर वीज सुरू करताच मदरबोर्ड जळून जाई. ‘काळ्याला काळी’ हा धडा शिकाऊ मुलास पहिल्या दिवशी मिळे. प्रक्रियकाचा वेग पट्टीवरील इवल्याशा टोप्या हलवून ठरवावा लागे आणि त्यांचा तक्ता पुस्तिकेत असे, ती पुस्तिका बहुधा हरवलेली असे. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाची मांडणी ठरवून दिली, तीत वीजपुरवठ्याचा जोड एकच आणि एकाच बाजूने बसणारा केला, स्क्रूंच्या जागा व मागील खिडकीचे माप निश्चित केले. तेव्हापासून हे काम इतके सोपे झाले की शाळकरी मुलाने ते घरी करावे. ज्या दिवशी काम सोपे झाले त्या दिवशी कसबी माणसाचे मोल उतरले, हे ओघानेच आले. मुंबईच्या दमट हवेचा येथे एक उपकारही नोंदवला पाहिजे : कोरड्या थंडीत हातास चिकटणारी स्थिर वीज नाजूक भागांचा घात करते, ती भीती लॅमिंग्टन रोडवर फारशी कोणी बाळगली नाही, गंज आणि धूळ यांची मात्र बाळगावी लागली.

रस्त्यावरील दुकानदार आणि डोंबिवली, कल्याण किंवा पुण्याच्या पेठांतील ग्राहक यांच्यामध्ये आणखी एक व्यक्ती असे, तिचे नाव कोणत्याही इतिहासात येणार नाही. हार्डवेअरचा वर्ग केलेला, शेजारच्या चाळीत किंवा सोसायटीत राहणारा हा तरुण, ज्यास घरातील सर्वजण दादा म्हणत, चिठ्ठी स्वतः तयार करी, ग्रँट रोडवर जाऊन चार दुकानांत भाव करी, खोकी मांडीवर घेऊन लोकलने परते आणि संध्याकाळी सर्व घर भोवती बसले असता यंत्र जोडून देई. कापड निवडून शिंप्याकडे टाकावे तसा हा व्यवहार होता. माप आपले, शिवण त्याची, आणि उसवले तर जावयाचे त्याच्याकडेच. त्यास यात मिळे ते हजार-दोन हजार, आणि त्यापोटी पुढील तीन वर्षे रविवारी सकाळी ‘दादा, जरा बघ रे, सुरूच होत नाही’ या हाकेस ओ देण्याचे अलिखित बंधन. तयार यंत्राच्या किमतीत जो हमीचा खर्च धरलेला असतो तो येथे या तरुणाच्या भिडेखातर फुकट पडत होता. पुढे नोकरी लागून तो पुण्याला, बंगळूरला किंवा न्यू जर्सीला गेला की त्याच्या मागे डझनभर घरांतील यंत्रे पोरकी होत. प्रत्येक भागाची हमी निराळी, प्रत्येक चिकटपट्टीवर निराळ्या दुकानाचा शिक्का, आणि बिघाड मदरबोर्डचा की वीजपुरवठ्याचा यावर दोन दुकानदारांमध्ये सुरू झालेला जाबसाल गिऱ्हाइकाने मध्ये उभे राहून ऐकावयाचा. जुळणीची खरी किंमत अशा दुपारी कळे.

इतके असूनही खेळांच्या संगणकाने जुळणीचीच कास का धरली, याचे कारण खेळांच्या स्वभावात आहे. घरात आलेले यंत्र अभ्यासासाठी आणले आहे असे आजोबांना सांगितले जाई, आणि रात्री त्यावर ‘डूम’ चाले. १९९३ च्या डिसेंबरात आलेला तो खेळ ३८६ जातीच्या यंत्रावर कसाबसा रखडे, ४८६ वर धावे. १९९६ च्या ‘क्वेक’ने पेंटियमची मागणी केली, आणि त्याच वर्षअखेर थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘व्हूडू’ चिपचे कार्ड आल्यावर चित्रे रंगवण्याचे काम मुख्य प्रक्रियकाकडून काढून घेऊन त्यासाठीच घडवलेल्या चिपवर सोपवण्याचा प्रघात पडला. कचेरीचा संगणक घडवणारा कारखानदार आपल्या रकमेची वाटणी सर्व घटकांत सारखी करतो. किंबहुना जाहिरातीत जे छापले जाते, म्हणजे प्रक्रियकाचा वेग आणि डिस्कचे आकारमान, त्यावर तो सढळ असतो, आणि जे छापले जात नाही, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी आणि चित्रांचे कार्ड, तेथे हात आखडतो. खेळणाऱ्यास नेमकी उलट वाटणी हवी. एकूण रकमेचा मोठा हिस्सा एका कार्डावर घालून बाकी सर्व बेताचे ठेवण्याची मुभा तयार यंत्र देत नव्हते. म्हणून तो सुट्या भागांकडे वळला. काटकसरीपेक्षा या विषम वाटणीच्या गरजेनेच त्यास लॅमिंग्टन रोडवर आणले, असे माझे मत आहे.

काटकसरीचाही एक सुवर्णकाळ येऊन गेला. १९९८ साली इंटेलने काढलेला ‘सेलेरॉन ३०० ए’ हा स्वस्त प्रक्रियक ६६ मेगाहर्ट्झच्या ठोक्यास साडेचारपट करून ३०० वर चालत असे. मदरबोर्डवर तोच ठोका १०० केला की बहुतेक नग निमूटपणे ४५० वर चालू लागत, आणि त्या काळी ४५० हा इंटेलच्या सर्वांत महाग पेंटियमचा वेग होता. हे रहस्य मासिकांतून फुटल्यावर दुकानदारांकडे त्या चिपची पृच्छा सुरू झाली. तयार संगणक विकणाऱ्या कोणत्याही कंपनीने असे यंत्र हमीसह विकण्याचे धाडस केले नसते. ज्याने स्वतः जुळवले त्याने ते स्वतःच्या जोखमीवर केले, आणि जोखीम घेणाऱ्यास एवढा उघड मोबदला त्यानंतर फारसा मिळालेला नाही, कारण कारखान्यांनी पुढे वाढीव वेगाची मुभा महाग चिपांपुरती ठेवली. थ्रीडीएफएक्सची अखेर याच सुमाराची. इतरांना चिप विकून मोठी झालेली ही कंपनी १९९८ साली कार्डे बनवणारी एक कंपनी घेऊन स्वतःच कार्डे घडवू लागली. कालचे ग्राहक त्यामुळे प्रतिस्पर्धी बनून एनव्हिडियाकडे गेले, आणि २००० साल संपता संपता तिची मालमत्ता एनव्हिडियानेच विकत घेतली.

दरम्यान तयार यंत्रांच्या बाजूसही खेळणाऱ्यांची विषम मागणी उमगली होती. मायामीत १९९६ साली निघालेली एलियनवेअर आणि कॅलगरीत राहुल सूद यांनी उभी केलेली व्हूडू पीसी या कंपन्या ग्राहकाच्या इच्छेबरहुकूम भाग निवडून, तारा नीटनेटक्या बांधून, हमीसह यंत्र देत. २००६ साली पहिली डेलने आणि दुसरी एचपीने घेतली. आपल्याकडे या यंत्रांच्या किमती सामान्य घरास ऐकूनच सोडून द्याव्या लागत. आपल्या मुलांनी ‘काउंटर स्ट्राइक’ नाक्यावरच्या सायबर कॅफेत तासाच्या दराने आणि ‘व्हाइस सिटी’ घरच्या जुळवलेल्या यंत्रावर नकली तबकडीवरून खेळून घेतले. याच नकली मालापायी अमेरिकी सरकारच्या अहवालात दिल्लीच्या नेहरू प्लेसच्या जोडीने लॅमिंग्टन रोडचेही नाव झळकले, ही त्या रस्त्याची सातासमुद्रापारची कीर्ती.

या सुमारास सरकारी बाजूने जुळणीच्या पायाखालची वाळू हळूहळू सरकत होती. १९९७ साली भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक करारावर सही केली, आणि २००५ पर्यंत संगणक व त्याचे बहुतेक भाग यांवरील सीमाशुल्क शून्यावर आले. चोरवाटेने आणलेला माल स्वस्त पडण्याचे कारणच उरले नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू होऊन मुलुंड-दहिसरचे जकात नाके बंद झाले. आता तयार यंत्र आणि सुटे भाग यांच्यावरील करांत पूर्वीइतकी तफावत राहिली नाही, भाव घरबसल्या पडद्यावर दिसू लागले, आणि ‘बिलाशिवाय’ घेणाऱ्यास तीन वर्षांच्या हमीवर पाणी सोडावे लागू लागले. जुळणी टिकली ती आता केवळ वाटणीच्या स्वातंत्र्यावर, आणि एक भाग जुना झाला तर तेवढाच बदलता येतो या सोयीवर. ती सोय लॅपटॉपात नाही म्हणूनच खेळणारी मंडळी अजून या पेटीस धरून आहेत.

आणि मग ते स्वातंत्र्यही काही काळ हिरावले गेले. कूटचलनाचे उत्खनन करणाऱ्यांनी चित्रांची कार्डे घाऊक उचलण्यास २०१७ मध्येच प्रारंभ केला होता. २०२० च्या महासाथीत चिपांचे कारखाने मागणीस पुरे पडेनात, घरी बसलेल्या जगाने खेळांची यंत्रे मागितली, आणि त्या सप्टेंबरात आलेली एनव्हिडियाची नवी कार्डे छापील किमतीस मिळणे दुर्घट झाले. ज्या कंपन्यांचे कारखान्यांशी आगाऊ करार होते त्यांना कार्डे मिळत राहिली, सुट्या ग्राहकास मिळेनात. आयुष्यभर जुळणीचा पुरस्कार केलेली माणसे आतील कार्डासाठी म्हणून संपूर्ण तयार संगणक विकत घेऊ लागली आणि उरलेली पेटी कोणास तरी विकू लागली. घाऊक सौद्याने चिप ७५ डॉलरला मिळवणाऱ्या रॉबर्ट्स यांचे गणित पंचेचाळीस वर्षांनी तयार यंत्रवाल्यांच्या कामी आले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने आपली पद्धती बदलून अशा उत्खननाची गरजच संपवली, तेव्हा वापरून झिजलेली कार्डे ढिगाने बाजारात आली, आणि ती घ्यावीत की न घ्यावीत यावर लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारांत तट पडले.

सध्या त्या रस्त्यावर दोन्ही व्यवहार एकाच गल्ल्यावर होतात. गिऱ्हाईक घरून भागांची यादी ठरवून येते, दुकानदार त्यानुसार यंत्र काचेच्या पेटीत रंगीत दिव्यांसह जुळवून, कसोटीस लावून, फेसाच्या खोक्यात भरून नागपूर-कोल्हापूरलाही पाठवतो. पावतीवर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक असतो आणि जुळणीची मजुरी निराळ्या ओळीत मांडलेली असते, किंवा गिऱ्हाईक ओळखीचे असेल तर माफ केलेली असते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी जगातील स्मृतीच्या चिपांची उचल सुरू केल्यावर रॅमचे भाव भडकले, आणि मायक्रॉन कंपनीने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा विभागच आवरण्याचे जाहीर केले. अशा दिवसांत आधी भरून ठेवलेल्या रॅमची तयार यंत्रे जुळवलेल्याहून स्वस्त पडू शकतात, आणि साठा संपला की पुन्हा पडत नाहीत. दुकानदारांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे : कोटेशन लिहून देताना खाली ते ‘भाव फक्त आजचा’ एवढे लिहितात, आणि गिऱ्हाईक घरी विचारून येतो म्हणाले तर हसून ‘या की’ म्हणतात.